मास्तरांचं गाव

बद्रीनाथनं पाटी मोठ्यानं वाचली, तसा सबनीस चालता चालता थांबला. कराचीच्या केमाडी धक्क्याच्या फाटकावर उर्दूत रंगवलेली साधी सूचना होती ती. जहाजावरच्या मुसाफिरांनी दिवेलागणीच्या आत परतावं, पास जवळ बाळगावा, एवढंच तिच्यात म्हटलं होतं. बद्रीनाथनं वाचून अर्थ सांगितला आणि शहरातल्या सदर बाजाराला जाणारी ट्राम कुठं मिळते तेही फाटकावरच्या शिपायाला विचारून घेतलं. सबनीस हातातली हॅट डोक्यावर घालायची विसरून त्याच्याकडे बघत राहिला.

“तुम्हाला हे वाचता येतं?”

“येतं. आमची शाळाच उर्दूत होती.”

सांगताना बद्रीनाथची मान जराशी ताठ झाली. मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदाच.

दोघं विलायतेला निघाले होते. सबनीस पुण्याचा, बॅरिस्टर व्हायला चाललेला. बद्रीनाथ कन्नड तालुक्यातल्या पिशोरचा, मँचेस्टरला कापडाच्या गिरण्यांचं शिक्षण घ्यायला. जहाज माल घ्यायला कराचीत दिवसभर थांबणार होतं, म्हणून उतारूंना किनाऱ्यावर हिंडायचे पास मिळाले होते. पिशोरातून समुद्रापलीकडे जाणारा बद्रीनाथ पहिलाच. त्याला निरोप द्यायला गावच्या बैलगाड्या थेट औरंगाबादच्या स्टेशनापर्यंत आल्या होत्या. त्याचे वडील कडूबा नवा फेटा बांधून फलाटावर उभे होते.

एवढ्या मानानं निघालेला हा गडी जहाजावर मात्र पहिल्याच संध्याकाळी गप्प झाला. जेवणाच्या टेबलाशी मराठी मुलं जमली होती. बद्रीनाथ सहज म्हणाला, लई भूक लागली, जेवण कधी व्हतंय. सगळे हसले. सबनीसही हसला. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तेव्हापासून बद्रीनाथ तांदूळ निवडल्यासारखा एकेक शब्द निवडून बोलू लागला. ‘हाय’ गेलं, ‘आहे’ आलं. ‘नाय’च्या जागी ‘नाही’ आलं. शब्द सापडला नाही तर तो नुसतीच मान हलवी.

ट्राममध्ये हे निवडणं सुटलं. कंडक्टर पुढं येऊन उभा राहिला आणि बद्रीनाथच्या तोंडून आपोआप निघालं, “सदर कू जाना है, मियाँ. उतरने का आया तो बोलो.”

कंडक्टर खुदकन हसला आणि हैदराबादचे का म्हणून त्यानं विचारलं. बद्रीनाथनं औरंगाबाद सांगितलं. मग कंडक्टर दांडीला धरून तिथंच उभा राहिला. तुमच्याकडची माणसं इथं ढिगानं आहेत, म्हणाला. तिकडं जेलच्या बाजूला त्यांची अख्खी वसाहत आहे. सगळे ‘नक्को’ आणि ‘हौ’ करणारे. पोलीस ॲक्शननंतर आले ते तिथंच बसले. मुन्शी आहेत, वकील आहेत, मास्तर तर विचारूच नका.

बद्रीनाथ खिडकीबाहेर बघू लागला. दोन्ही बाजूंनी दुकानांच्या पाट्या मागं पळत होत्या आणि मघापासून तो त्या सबनीसला वाचून दाखवत होता. आता त्यानं वाचणं थांबवलं.

“काय झालं?” सबनीसनं विचारलं.

मग बद्रीनाथनं त्याला मुन्तजिबोद्दीन मास्तरांविषयी सांगितलं.

मास्तर मूळचे खुलदाबादचे. औरंगाबादच्या सरकारी हायस्कुलात उर्दू शिकवायचे. पिशोरातून आलेल्या बद्रीनाथला अलिफ आणि बे यांच्यापुढं काही येत नव्हतं, आणि निजामाच्या राज्यात वरच्या वर्गातला सगळा अभ्यास, गणितापासून भूगोलापर्यंत, उर्दूत. मास्तरांनी त्याला रोज संध्याकाळी घरी बोलावलं. ओट्यावर चटई टाकून, कंदिलाच्या उजेडात त्याची जीभ घडवली. ‘क़ाफ’ हे अक्षर घशातून येईना म्हणून त्याला पाण्याची गुळणी धरायला लावायचे. वर्गात कुणी ‘नक्को’ म्हणालं की छडी. मास्तरांच्या बीबी, ज्यांना तो अम्मा म्हणे, रोज त्याच्यापुढं एक पेरू नाही तर केळं ठेवीत. शिजवलेलं अन्न कधीच नाही, कारण मुसलमानाच्या घरचं पोरानं खायचं नाही असं कडूबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि अम्मांना ते न सांगताच कळलं होतं.

मग अठ्ठेचाळीसचं ते वर्ष आलं. रझाकारांच्या धास्तीनं पिशोरची माणसं कितीतरी रात्री रानात झोपली. पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि धास्तीनं फक्त घर बदललं; ती आता मुसलमानांच्या वस्तीत शिरली. बद्रीनाथ तेव्हा गावी होता. रस्ते निवळल्यावर तो औरंगाबादला पोचला तेव्हा मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. पाकिस्तानात गेले, एवढंच शेजारी म्हणाले.

“आणि ते इथं असतील?” सबनीस म्हणाला.

“असतील. नसतीलही.”

“मग जाऊ या की. समुद्र काय, पुढे रोज बघायचाच आहे.”

बद्रीनाथ लगेच उठला नाही. मास्तर भेटले तर काय होईल याची त्याला धास्ती होती. ज्यांच्यामुळं घर सोडावं लागलं, त्यांच्यातलाच एक म्हणून त्यांनी आपल्याकडं बघितलं तर? दारातूनच परत फिरवलं तर? आणि तेही सबनीसच्या देखत. पण सदर आलं, कंडक्टरनं हाक मारली, आणि उतरल्याबरोबर सबनीसनंच टांगा थांबवला.

वसाहत अर्धी विटांची, अर्धी पत्र्याची होती. गल्लीत शिरताच कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला आणि बद्रीनाथची पावलं आपोआप संथ झाली. पानाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता. मुन्तजिबोद्दीन मास्तर म्हटल्यावर त्यानं विचारलं, “हिसाब पढ़ाते सो?”

बद्रीनाथ म्हणाला, नाही, उर्दू शिकवणारे. म्हातारा म्हणाला, इथं या नावाचे एकच मास्तर आहेत आणि ते हिशोबच शिकवतात. बोटानं त्यानं कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर दाखवलं.

दार मास्तरांनीच उघडलं. दाढी पांढरी झाली होती, खांदे उतरले होते, पण शेरवानीचं बटण पूर्वीसारखंच गळ्यापर्यंत लावलेलं होतं. समोर सुटाबुटातली दोन तरुण माणसं बघून त्यांनी अदबीनं सलाम केला आणि काय काम आहे ते विचारलं. बद्रीनाथनं ट्राममध्ये सुटलेली जीभ आवरली. मास्तरांनी शिकवलेल्या शुद्ध उर्दूत, प्रत्येक क़ाफ घशातून काढत, त्यानं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि हुजूरांच्या पायांशी बसून चार अक्षरं शिकलो असं सांगितलं.

मास्तर एक पाऊल पुढं आले आणि त्याचा चेहरा निरखू लागले. शेजारच्या दारातून दोघंतिघं डोकावली होती.

“कडूबाचा बद्री?” ते म्हणाले.

“जी.”

“वालिद कैसे हैं?”

बाप कसा आहे, हा पहिला प्रश्न. बद्रीनाथ वाकला तेव्हा त्यांनी त्याला अर्ध्यातच धरलं आणि दोघांना आत घेऊन दार लावून घेतलं.

आत एकच खोली होती, पडद्यानं दुभागलेली. मास्तरांनी दोघांना खाटेवर बसवलं, स्वतः स्टूल घेतलं. सगळं विचारून घेतलं. मॅट्रिकला कोणता वर्ग मिळाला, हैदराबादला कोणत्या कॉलेजात, विलायतेत काय शिकणार, किती मुलांतून निवड झाली. प्रत्येक उत्तराला ते पडद्याकडं तोंड करून म्हणत, “सुना?” आणि पडद्याआडून “हौ” असा आवाज येई. अम्मांचा आवाज बदललेला नव्हता.

सबनीस अवघडून बसला होता. त्याची ओळख करून द्यायला हवी, हे बद्रीनाथच्या लक्षात आलं. मास्तरांना मराठी चांगली येत होती, म्हणून तो मराठीत म्हणाला, “हे माझे सहप्रवासी, श्रीयुत सबनीस. यांचे सारे शिक्षण पुण्यास झाले आहे.”

मास्तरांनी भुवया वर केल्या.

“ही कुठली मराठी रे?” ते म्हणाले. “पिशोरात आता असं बोलाय लागले काय?”

बद्रीनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या.  सबनीसनं हॅट एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली आणि मग खाली बघत म्हणाला, “आमच्यामुळे झालं ते. आम्ही त्यांना हसलो होतो.”

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी मान डोलावली, जणू हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. तेवढ्यात पडद्याआडून अम्मा बोलल्या. त्यांची मराठी खुलदाबादच्या बाजारातली होती.

“बद्री, तुझ्या मास्तरांचंच बघ की बाबा. त्यांच्यावर बी तेच आलंय. इथं शाळंत वरच्या वर्गाला उर्दू दिलीच नाय. लखनौकडचे लोक म्हणले, यांच्या जबानीला दख्खनचा वास येतो. पोरं हसत्यात. म्हणून हिसाब दिला.”

“बस,” मास्तर म्हणाले. “हिसाब भी इल्मइच है.”

हिशोबही विद्याच, असं बोलून गेल्यावर तोंडून काय निघालं ते त्यांचं त्यांनाच कळलं. या एका दख्खनी ‘इच’साठी त्यांनी वर्गात किती पोरांचे हात लाल केले होते. ते हसले, आणि बऱ्याच वेळानं बद्रीनाथही हसला.

“सुरुवातीला म्या बी त्यांच्यासारखं बोलून पाह्यलं,” मास्तर म्हणाले. “जमत व्हतं. पण घरी आल्यावर हिच्याशी बोलाय गेलो तर तोंडातून काही निघंना. मग सोडून दिलं. हसले तर हसू दे.”

ते एवढंच बोलले आणि उठून खिडकीचं दार जरा जास्त उघडलं. बाहेरून गल्लीतला गलका आत आला.

बद्रीनाथच्या मनात जे ट्राममधून अडकून बसलं होतं, ते आता थांबेना. तो म्हणाला, “मास्टरसाब, म्या आल्तो. रस्ते खुले झाल्यावर लगेच आल्तो. कुलूप व्हतं.”

मास्तर खिडकीशीच उभे राहिले. त्यांची पाठ या दोघांकडं होती.

“कुलूप म्याच लावलं,” ते म्हणाले. “त्या दिवशी गल्लीच्या तोंडाला गर्दी जमली व्हती. हातात काय काय व्हतं. म्या माडीवरच्या खिडकीच्या फटीतून एकेक चेहरा बघितला. माझ्या वर्गातली चार पोरं व्हती त्यात. म्या तुला हुडकत व्हतो.”

ते अजून बाहेरच बघत होते.

“तू नव्हतास. लई येळ बघितलं, तू नव्हतास. इथं येताना सामान काही आणता आलं नाय. तेवढं एक मनात आणलं.”

 बद्रीनाथ म्हणाला की तेव्हा म्या पिशोरात व्हतो, वडिलांनी घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्याला खरं ते सांगायचं होतं. न मिळवलेला मान त्याला नको होता. पण मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“जिथं व्हतास तिथं व्हतास. गर्दीत नव्हतास. माणसाला एवढं पुरतं.”

मग पडदा जरासा सरकला आणि आतून एक ताटली पुढं आली. तिच्यात दोन केळी होती. अम्मांनी ती खाली ठेवली, पूर्वी ओट्यावर ठेवायच्या तशीच, हात झटकन मागं घेऊन.

बद्रीनाथनं केळ्यांकडं बघितलं. सबनीसकडं बघितलं नाही. पडद्याकडं तोंड करून तो म्हणाला, “अम्मा, चुलीवर काय हाय?”

आत भांड्यावरचं झाकण वाजलं.

“खट्टी दाल हाय,” अम्मा म्हणाल्या. “आन् भात. पण तुमच्याकडं तर...”

“लई भूक लागली.”

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला आणि शेरवानीच्या टोकानं तो पुसत राहिले. आत भांड्यांची धावपळ सुरू झाली. पत्रावळीसारखा मोठा थाळा आला, वाडगे आले, लोणचं आलं. बद्रीनाथ खाली चटईवर मांडी घालून बसला. सबनीस खाटेवरच होता. पुण्यातल्या त्याच्या घरी कांदासुद्धा चालत नसे, हे त्यानं जहाजावर अभिमानानं सांगितलं होतं. तो थोडा वेळ तसाच बसला, मग कोट काढून खाटेवर ठेवला आणि बद्रीनाथच्या शेजारी येऊन बसला. अम्मांनी आतून विचारलं, त्यांना तिखट चालतं का. चालेल, म्हणाला, आणि पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बद्रीनाथ दोनदा भात मागून जेवला. जेवताना अम्मा विचारत होत्या आणि तो सांगत होता. औंदा जवारी बरी झाली. वेरूळच्या घाटात नवा रस्ता करत्यात. खुलदाबादच्या उरुसाला गर्दी व्हती, म्या बी गेल्तो. तुमच्या घरात आता पोस्टातले एक बाबू ऱ्हात्यात, त्यांनी दाराला हिरवा रंग दिला. प्रत्येक गोष्टीला आतून “हौ का?” येत होतं. बद्रीनाथच्या बोलण्यात आता ‘आहे’ उरलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा मास्तर त्यांच्याबरोबर निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात. गल्लीतून चालताना ते प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबत आणि पोरगा विलायतेला चाललाय, इंजनेर व्हायला, असं सांगत. टपरीवरच्या म्हाताऱ्यालाही सांगितलं. बद्रीनाथला संकोच वाटत होता आणि तो दरवेळी थोडा आणखी ताठ उभा राहत होता.  केमाडीला ट्राममधून उतरताना त्यांनी बद्रीनाथच्या खांद्याचा आधार घेतला.

केमाडीच्या फाटकावर दुसरा शिपाई होता. त्यानं दोघांचे पास बघितले, त्यांवरचं ‘हिंदुस्तान’ वाचलं आणि मास्तरांकडं वळून त्यांना संशयानं विचारलं की तुम्ही कोण आणि यांच्याबरोबर तुमचं काय काम.

मास्तरांनी शेरवानीची घडी सारखी केली.

“पहुँचाने आया हूँ,” ते म्हणाले. “शागिर्द है मेरा. मेरे गाँव का लड़का है.”

“कौन सा गाँव?”

“खुलदाबाद.”

शिपायानं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यानं बद्रीनाथकडं बघितलं. खुलदाबाद आणि पिशोर यांच्यामध्ये वेरूळ लागतं, घाट लागतो, कन्नडचा सगळा रस्ता लागतो. बद्रीनाथ म्हणाला, “हौ, खुलदाबाद.” शिपायानं खांदे उडवले आणि तिघांनाही आत सोडलं.

धक्क्यावर हमालांची घाई चालली होती. कापसाचे गठ्ठे वर चढत होते. बद्रीनाथ पाया पडायला वाकला तसे मास्तर मागं सरले. इथं नको, म्हणाले, लोकं बघतात. मग म्हणाले, “तू चढ. मला चढताना बघू दे.”

तो शिडीवर चढला. मागं सबनीस होता. वर कठड्यापाशी पोचेपर्यंत बद्रीनाथनं वळून बघितलं नाही. बघितलं तेव्हा खाली अंधारून आलं होतं आणि मास्तर कुठं दिसेनात. सबनीसनंच दाखवलं. गठ्ठ्यांच्या राशीपाशी त्यांची पांढरी दाढी दिसत होती. चार हमाल आणि एक खलाशी त्यांच्याभोवती जमले होते. मास्तर हात उंच करून जहाजाकडं दाखवत होते, आणि हमाल माना वर करून कठड्यावर कुणाला तरी शोधत होते. त्यांना नेमका माणूस सापडत नव्हता. कठड्यावर खूपजण उभे होते.

“काय सांगताहेत ते?” सबनीसनं विचारलं.

बद्रीनाथला इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. तो गर्दीतून वाट काढत पुढं गेला आणि मास्तरांना दाखवायला सोपं जावं म्हणून दिव्याखाली जाऊन उभा राहिला.